होळीची कबड्डी

सुरतेहून धुळ्याकडे येताना नवापूर मागे पडलं की थोड्या वेळात विसरवाडी लागते. पुढे कोंडाईबारीचा घाट. रस्त्यानं जाणाऱ्याला आमचं गाव म्हणजे ढाबे, पंक्चरची दुकानं आणि आठवडे बाजार, एवढंच दिसतं. पण गावाला विचाराल तर ते आधी आपल्या कबड्डी संघाचं सांगेल.

मी खेळाडू कधीच नव्हतो. माझा दम पाचव्या ‘कबड्डी’लाच तुटायचा. अक्षर मात्र बरं होतं, म्हणून गुण लिहायची वही माझ्याकडे आली, ती आजतागायत आहे. मंडळाची नावं दोन-तीनदा बदलली, पण ती पावतीपुस्तकापुरती. बनियनवर एकच शब्द असायचा : विसरवाडी.

माझ्या वडिलांच्या तोंडी कबड्डी हा शब्दच नव्हता. ते हुतूतू म्हणत. पावसाळ्याआधी नांगरलेल्या रानात नाहीतर सरपणी नदीच्या वाळूत डाव रंगायचा. कधी बाद झालेला गडी परत आत यायचा, कधी डाव संपेपर्यंत बाहेरच बसायचा. पुस्तकात पहिल्या प्रकाराला संजीवनी म्हणतात आणि दुसऱ्याला गामिनी. आमच्याकडे भांडण लागेपर्यंत कुठला प्रकार चालू आहे हे कुणालाच ठाऊक नसे.

तिकडे बाहेर या खेळाला केव्हाच शिस्त लागली होती. १९२३ साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्यानं स्पर्धा भरवली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पोरांनी परदेशी लोकांपुढे हुतूतू खेळून दाखवला. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला. आमच्यापर्यंत यातलं जे काही आलं, ते एका मास्तरांच्या सायकलवरून आलं. बदलीवर आलेल्या या मास्तरांनी दोरी धरून तेरा मीटर बाय दहा मीटरचं मैदान आखलं, फक्कीनं रेषा मारल्या आणि सांगितलं, “आता रेषा बोलेल, तुम्ही नाही.” तेव्हापासून भांडणं कमी झाली. संपली असं म्हणवत नाही.

त्या रेषांच्या आत गाव पहिल्यांदा एकत्र आलं असं मला वाटतं. मावची, कोकणी, भिल्ल, बाजारपेठेतल्या दुकानदारांची पोरं, एका मुसलमान ड्रायव्हरचा मुलगा. एरवी ही माणसं एकमेकांना बाजारात भेटायची, तीही देण्याघेण्यापुरती. पकड करायची म्हटल्यावर मात्र साखळीत शेजारच्याचा हात धरावाच लागतो. पकडीचा इशारा मावचीत द्यायची रीत पडली, कारण बाहेरच्या संघाला तो कळत नसे. त्यासाठी दुकानदाराचा पोरगाही मावची शिकला. पुढं कुणाच्या घरी दुखणं निघालं, रात्री जीप करायची वेळ आली, की मंडळाच्या डब्यातले पैसे निघायचे. हे कुणी ठरवलं नव्हतं. डबा होता आणि माणसं ओळखीची झाली होती.

जिल्ह्याच्या निवड चाचणीला मात्र घाट ओलांडून धुळ्याला जावं लागे. एसटीचं भाडं, मुक्कामाची अडचण. दोन-तीन चांगले चढाईपटू केवळ त्यापायी घरी बसले. १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा जिल्हा झाला. इतरांनी कचेऱ्यांचा हिशेब केला, आम्ही म्हणालो, चला, आता चाचणी जवळ आली.

पण आमची खरी अडचण धुळ्याची नव्हती, उसाची होती.

आमच्या भागात भाताचं काम उरकलं आणि दिवाळी झाली की ट्रक येतात. बारडोली, मढी, चलथाण. दक्षिण गुजरातच्या कारखान्यांना ऊस तोडायला माणसं जातात. पावसाळ्यात घरात दाणे नसतात तेव्हा मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. आणि कबड्डीच्या स्पर्धांचा हंगाम नेमका तोच. आमची स्पर्धाही जानेवारीत व्हायची. सगळीकडे तशीच होते म्हणून आम्हीही तशीच घ्यायचो. बाहेरगावचे संघ येत, ढाबेवाले बक्षिसं लावत, ट्रकवाले गाड्या लावून सामने बघत. आणि मैदानात आमचा अर्धा संघ नसायचा.

एका वर्षी मी आमच्या डाव्या कोपऱ्याला आणायला गेलो. खेळात आम्ही माणसाला जागेवरूनच ओळखायचो. त्याच्यासारखी घोट्याची पकड मी नंतर पाहिली नाही. एसटीनं सोनगड, व्यारा ओलांडून बारडोलीजवळच्या पडावावर पोचलो. कापडाच्या आणि पाचटाच्या झोपड्या होत्या. तो नुकताच फडातून आला होता. मी म्हटलं, दोन दिवसांसाठी चल, मुकादमाशी मी बोलतो.

तो म्हणाला, “मुकादमाचं राहू दे. कोयता म्हणजे आम्ही दोघं. मी तोडतो, ती मोळी बांधते. मी आलो तर ती कुणाची मोळी बांधेल?”

मला उत्तर सुचलं नाही. चहा झाल्यावर त्यानं विचारलं, “मी नसतो तेव्हा वहीत माझ्या नावापुढं काय लिहितोस?”

“गैरहजर.”

“गैरहजर नको लिहू. गैरहजर तर चूक करणारा असतो. ऊस लिही.”

परत आल्यावर मी जुन्या वह्या काढल्या. जिथं जिथं खाडाखोड करता आली तिथं ‘ऊस’ लिहिलं. त्या जानेवारीच्या पानावर चौदा नावं होती आणि नऊ नावांपुढं ऊस आला. ते पान मी मंडळाच्या बैठकीत ठेवलं. म्हटलं, आपण ही स्पर्धा कुणासाठी भरवतो? होळीला आपला माणूस कुठंही असला तरी गावी येतो. स्पर्धा होळीला घेऊ.

विरोध झाला. ऊन तापतं, पोरांच्या परीक्षा असतात, मोठे संघ येणार नाहीत, ढाबेवाले हात आखडतील. यातलं सगळं खरं होतं. शेवटी एक म्हातारा, जो वाळूतला हुतूतू खेळला होता, म्हणाला, “बाहेरचे आले आणि आपले नाही आले, तर मग लग्न कुणाचं?” त्यावर कुणी बोललं नाही.

पहिल्या वर्षी आठ संघ आले, सगळे आसपासच्या पाड्यांचे. बक्षीस एक बोकड. आम्ही उपांत्य सामन्यातच हरलो. कारण साधं होतं, चार महिने कोयता धरलेल्या हातांना साखळीची सवय राहिली नव्हती. डाव्या कोपऱ्याची बायको मूल कडेवर घेऊन रेषेला उभी होती. लग्नानंतर नवऱ्याला खेळताना ती पहिल्यांदाच बघत होती. वहीत त्या दिवशी चौदाच्या चौदा नावांपुढं हजेरीची खूण पडली.

पुढं खेळ बदलला. १९९० ला बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदक मिळू लागलं होतंच, २०१४ पासून प्रो कबड्डी टीव्हीवर आली. आता मोठे सामने मॅटवर होतात. मातीवर शिकलेल्या आमच्या पोरांचे पाय तिथं घसरतात, आणि मॅट घ्यायचा तर डब्यातले पैसे पुरत नाहीत. दुसरीकडं आश्रमशाळेत मुली खेळू लागल्या आहेत. आईबाप उसाला गेले तरी त्या वसतिगृहात राहतात, त्यामुळं त्यांचा सराव खंडत नाही. डाव्या कोपऱ्याची मुलगी त्यांच्यातच आहे. तीही डाव्या कोपऱ्यालाच उभी राहते.

दिवाळीनंतरच्या पानांवर मी अजून ‘ऊस’ लिहितो. काहींच्या नावापुढं आता ‘सुरत’ही येतं. होळीआधी आठ दिवस आम्ही मैदानातले खडे वेचतो, माती चाळून पाणी मारतो आणि वाट बघतो.