मंदगतीचा वारसा : इंग्लंडचे अरुंद कालवे व त्यांवरील नौकाप्रवास

मराठीत 'कालवा' हा शब्द उच्चारताच पाळीचे पाणी, पाणीपट्टी आणि उसाचे मळे यांचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. नीरा काय किंवा मुठा काय, आपल्याकडील कालव्यांचे प्रयोजन प्राधान्याने सिंचनाचे. त्यामुळे शब्दाला ही अर्थच्छटा चिकटली आहे. इंग्लंडच्या कालव्यांचा विचार करताना मात्र ती बाजूस सारावी लागते. तेथील कालवा मालवाहतुकीसाठी खोदला गेला. तो पाण्याचा रस्ता होय. अठराव्या शतकातील इंग्रज अशा जलमार्गास 'नॅव्हिगेशन' म्हणत आणि तो खोदणाऱ्या मजुरास 'नॅव्हिगेटर' म्हणत. या भारदस्त शब्दाचे आखडलेले रूप 'नॅव्ही' हे पुढे रेल्वेमार्ग घालणाऱ्या मजुरांसही लागू झाले. ज्याने समुद्र कधी पाहिलाही नसेल अशा, कुदळ-फावडे घेतलेल्या माणसास दर्यावर्द्याचे नाव मिळावे, हा भाषेने केलेला विनोदच म्हटला पाहिजे.

आज या कालव्यांवरून लोक सुट्टीसाठी प्रवास करतात. सत्तर फुटांपर्यंत लांब व अवघी सात फूट रुंद अशी नौका भाड्याने घ्यावी, सुकाणू आपणच धरावे आणि माणसाच्या चालीने कुरणे, गिरण्यांच्या मागच्या भिंती व खेड्यांची परसदारे पाहत जावे, असे या प्रवासाचे स्वरूप आहे. बहुतेक ठिकाणी ताशी चार मैल ही वेगाची मर्यादा. प्रत्यक्षात तीन मैलही जड जातात. नौकेचा अरुंदपणा आणि प्रवासाची मंदगती, ही या सुखाची दोन अंगे. परंतु ही दोन्ही कोणी सुखासाठी योजलेली नव्हती. ती जमाखर्चाच्या वहीतून जन्मास आली, आणि त्यांची किंमत प्रथम ज्यांनी मोजली ते लोक सुट्टीवर नव्हते.

ब्रिजवॉटरच्या ड्यूकने आपल्या वर्स्ली येथील खाणींतील कोळसा मँचेस्टरला नेण्यासाठी काढलेला कालवा १७६१ साली वाहतुकीस खुला झाला. बार्टन येथे तो अर्वेल नदीवरून जलसेतूने नेलेला होता. मँचेस्टरमधील कोळशाचा भाव त्यामुळे जवळजवळ निम्म्यावर आला. या कामावरील जेम्स ब्रिंडली हा अल्पशिक्षित यंत्रकारागीर पुढे देशभरच्या कालव्यांचा आखणीकार झाला. ट्रेंट व मर्सी या नद्यांना जोडणारा कालवा १७६६ मध्ये सुरू झाला. त्यावर ब्रिंडलीने लॉकची रुंदी सुमारे सात फूट ठरविली. मिडलंड्समधील बहुतेक कालव्यांनी तेच माप पत्करले, आणि नौकेचा आकार दीड-दोन शतकांकरिता निश्चित झाला.

या सात फुटांमागील हिशेब समजावून घेण्यासारखा आहे. चढाच्या जागी दोन दरवाजांमध्ये पाण्याची एक खोली बांधतात. नौका आत घेऊन झडपा उघडल्या की पाणी भरते व नौका वरच्या पातळीस येते. हेच लॉक. सात फूट रुंद, बहात्तर फूट लांब आणि सात फूट चढाचे एक लॉक एकदा भरावयास सुमारे एक लाख लिटर पाणी लागते, आणि ते सगळे वरच्या पठारावरून खाली जाते. रुंदी दुप्पट केली तर पाणीही दुप्पट लागणार. डोंगरमाथ्यावर पाणी दुर्मिळ, दगडी बांधकाम महाग आणि बोगदा तर त्याहून महाग. हेअरकॅसलचा बोगदा दीड मैलाहून थोडा अधिक लांब; तो पुरा होईतो १७७७ साल उजाडले. ब्रिंडली स्वतः १७७२ मध्येच वारला होता. या बोगद्यात घोड्याच्या वाटेलाही जागा ठेवलेली नव्हती. घोडा डोंगरावरून पलीकडे नेत आणि नौकेवर पाठीवर पडून माणसे भिंतीला पाय देत, अंधारात नौका पुढे रेटीत. या कामाला 'लेगिंग' असे अगदी सरळ नाव आहे. बोगद्यातील गर्दी वाढल्यावर टेलफर्डने शेजारी दुसरा बोगदा काढला आणि १८२७ पासून घोड्याला आतून वाट मिळाली.

तरीही व्यवस्था किफायतशीर होती. सडकेवर घोडा जेमतेम टन-दीड टन ओढी. पाण्यावर तोच घोडा पंचवीस टन लीलया नेई. १७९० नंतरच्या काही वर्षांत कालव्यांच्या भागभांडवलाचे वेडच देशात पसरले.

१८३० नंतर रेल्वे आली, आणि जे माप काटकसरीचे ठरले होते तेच गळफासासारखे आवळू लागले. पंचवीस-तीस टनांहून अधिक माल सात फुटांच्या लॉकमधून जाणे शक्य नव्हते आणि सगळे लॉक रुंद करण्याइतका पैसा कोणाजवळ नव्हता. भाडे उतरविण्याखेरीज स्पर्धेचा दुसरा मार्ग उरला नाही. भाडे उतरले की नावाड्याची मिळकत उतरली. किनाऱ्यावरील घराचे भाडे वाचावे व पगारी गडी ठेवावा लागू नये, म्हणून नावाड्यांची कुटुंबे नौकेवर राहावयास आली. मागच्या बाजूची केबिन सुमारे दहा फूट लांब, रुंदी अर्थातच सात फुटांच्या आत. तीत चूल, बिछाना, फडताळ आणि मुलेबाळे. केबिनीवर रंगविलेले गुलाब व किल्ले आजच्या प्रवाशाला मोहक वाटतात. जॉर्ज स्मिथ या सुधारकाला मात्र तेथे दाटीवाटी, रोगराई आणि शाळेचे तोंड न पाहिलेली मुले दिसली. त्याच्या खटपटीने १८७७ व १८८४ साली कायदे होऊन अशा नौकांची नोंदणी व तपासणी सुरू झाली. स्मिथच्या लिखाणात अतिशयोक्ती आढळते, परंतु मूळ तक्रार खोटी म्हणता येत नाही.

या फिरत्या, बहुतांशी निरक्षर समाजाने आपली अशी एक शब्दसंपत्ती घडविली. कालव्याला ते 'कट', म्हणजे खोदलेला चर, म्हणत. ओढून नेल्या जाणाऱ्या जोडनौकेस 'बटी' हे नाव, तर स्वतःच्या नौकेचा धनी तो 'नंबर वन'. नौकेला 'बार्ज' म्हटलेले त्यांना खपत नसे. बार्ज रुंद असते. नौका वळविण्याकरिता रुंद केलेल्या जागेस 'विंडिंग होल' म्हणतात, आणि त्यातील पहिल्या शब्दाचा उच्चार वाऱ्याच्या 'विंड'सारखा करावयाचा असतो. छापील शब्द वाचून 'वाइंडिंग' म्हणणारा नवशिका तत्काळ ओळखू येतो. सर्वांत अर्थपूर्ण शब्द 'गाँगूझलर' हा होय. १९०४ च्या एका कालवा-मार्गदर्शिकेतील शब्दसूचीत तो नोंदलेला असून, काठावर उभा राहून टक लावून पाहणारा रिकामटेकडा असा त्याचा अर्थ आहे. म्हणजे राबणाऱ्यांनी बघ्यांस दिलेले हे नाव. आज हौशी प्रवासी तोच शब्द पुलावरील बघ्यांस उद्देशून वापरतात. मूळच्या बोलणाऱ्यांच्या लेखी हे प्रवासीही त्याच वर्गात मोडले असते, हे त्यांच्या ध्यानी येत नाही.

विरंगुळ्यासाठी केलेल्या कालवाप्रवासाचे वर्णन टेंपल थर्स्टन याने १९११ मध्येच प्रसिद्ध केले होते. परंतु परिणामाच्या दृष्टीने एल. टी. सी. रोल्ट याचे 'नॅरो बोट' (१९४४) हे पुस्तक निर्णायक ठरले. रोल्ट हा व्यवसायाने अभियंता. १९३९ च्या उन्हाळ्यात तो पत्नीसह 'क्रेसी' या नौकेतून बॅनबरीहून निघाला. प्रवास चालू असतानाच महायुद्ध सुरू झाले. बॅनबरी ज्या ऑक्सफर्ड कालव्यावर आहे त्याची आखणी ब्रिंडलीची. चढ टाळण्यासाठी तो टेकड्यांना वळसे घालीत जातो. उत्तरेकडील भाग १८३० च्या सुमारास सरळ करून सुमारे चौदा मैल वाचविण्यात आले, दक्षिणेकडील वळणे तशीच राहिली. व्यापाऱ्याला नकोसा झालेला हा वाकडेपणाच पुढे सहलीचे भूषण ठरला.

पुस्तक वाचून रॉबर्ट एकमनने रोल्टला पत्र लिहिले, दोघे टार्डबिग येथे भेटले आणि १९४६ मध्ये अंतर्गत जलमार्गांच्या रक्षणासाठी संस्था स्थापन झाली. पाच वर्षांच्या आत त्यांच्यात फूट पडली. एकमनचा आग्रह प्रत्येक कालवा वाचविण्याचा. रोल्टचे म्हणणे, जेथे नावाडी अजून राबत आहेत ते मार्ग आधी. १९५१ मध्ये रोल्ट संस्थेबाहेर गेला. हा वाद केवळ दोन स्वभावांचा नव्हता. वाचवावयाचे ते पाणी की पाण्यावरचे जीवन, असा तो प्रश्न होता. कालवे टिकले याचे बरेचसे श्रेय एकमनच्या हट्टाला द्यावे लागेल. परंतु काय हातचे जात आहे याची जाण रोल्टला अधिक होती, असेच पुढील घटनाक्रम दर्शवितो.

१९४८ मध्ये बहुतेक कालव्यांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. १९६२-६३ च्या हिवाळ्यात ते गोठून वाहतूक आठवडेच्या आठवडे खोळंबली, आणि त्याच वर्षी नव्या सरकारी मंडळाने आपला अरुंद नौकांचा बहुतेक वाहतूक-व्यवसाय आवरता घेतला. १९६८ च्या कायद्याने व्यापारी जलमार्गांबरोबर विहारासाठी राखावयाचे जलमार्ग असा स्वतंत्र वर्ग केला; विरंगुळ्याला कायद्याची मान्यता मिळाली ती येथे. अदरस्टनचा कोळसा लंडननजीक साउथॉलच्या मुरांब्याच्या कारखान्यास पोहोचविणारी फेरी ऑक्टोबर १९७० मध्ये थांबली, तेव्हा नियमित लांब पल्ल्याची ही वाहतूक संपल्यासारखीच झाली. नावाडी त्या फेरीला 'जॅम 'ओल' म्हणत. जुन्या मालवाहू नौकेसाठी 'नॅरो बोट' हे दोन शब्द सुटे लिहावेत आणि विहारासाठी बांधलेल्या नव्या नौकेसाठी ते जोडून लिहावेत, असा संकेत काही जाणकार आजही पाळतात.

२०१२ पासून इंग्लंड व वेल्समधील बहुतेक कालव्यांचा कारभार एका धर्मादाय न्यासाकडे आहे. अलीकडच्या काळात, विशेषतः लंडनमध्ये, घरभाडे परवडत नाही म्हणून अरुंद नौकेतच संसार थाटणाऱ्यांची संख्या वाढली आहे. ठरावीक धक्का नसलेल्या अशा नौकेने एका जागी सलग चौदा दिवसांपेक्षा अधिक राहू नये, असा १९९५ च्या कायद्याचा निर्बंध आहे. त्यामुळे ही कुटुंबे पंधरवडा भरत आला की दोर सोडतात आणि मुलांची शाळा फार दूर पडणार नाही अशा बेताने पुढचा मुक्काम शोधतात.