बीबीए (सीए) की बीसीए? प्रवेशाआधी अभ्यासक्रमाचे नाव नीट वाचा

बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या गावातल्या कॉलेजांबाहेर फ्लेक्स झळकू लागतात. त्यावर बीसीए, बीबीए (सीए), बीसीएस, बीएस्सी आयटी अशी नावे शेजारी शेजारी असतात. घरच्यांना ही सगळी 'कॉम्प्युटरची डिग्री' वाटते. प्रत्यक्षात प्रत्येकाची वाट वेगळी आहे. प्रवेशाला सीईटी लागते की नाही, फी माफ होते की नाही आणि पुढे कोणते दार उघडते, हे बरेचसे नावावरून ठरते. संगणक आणि व्यवसाय हे दोन्ही एकत्र शिकवणाऱ्या पदवीची ही माहिती ग्रामीण भागातील विद्यार्थी व पालकांसाठी.

नावांचा घोळ

पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे तीन जिल्हे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत येतात. या विद्यापीठात बीबीए (सीए) म्हणजे बॅचलर ऑफ बिझनेस अॅडमिनिस्ट्रेशन (कॉम्प्युटर अॅप्लिकेशन). ही पदवी वाणिज्य व व्यवस्थापन विद्याशाखेची. पूर्वी हिलाच बीसीए (कॉमर्स) म्हणत. जुने विद्यार्थी आजही 'आम्ही बीसीए केलं' असे सांगतात, त्यामुळे गोंधळ वाढतो.

बीसीए (सायन्स) ही वेगळी पदवी आहे आणि ती विज्ञान शाखेकडे येते. बीसीएस म्हणजे बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स. त्यात गणित आणि इलेक्ट्रॉनिक्सचा भार जास्त असतो. बीएस्सी आयटी मुंबई विद्यापीठाच्या भागात जास्त चालते. कोल्हापूर, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर, जळगाव या विद्यापीठांकडे बीसीए आणि बीबीए आहेत, पण विषयांची मांडणी प्रत्येकाची निराळी.

थोडक्यात, नाव सारखे म्हणून अभ्यास सारखा असे समजू नये. माहितीपत्रकावर विद्याशाखा कोणती आणि पदवी प्रमाणपत्रावर नेमके काय छापून येणार, हे कॉलेजला सरळ विचारावे.

शिकवतात काय?

बीबीए (सीए) मध्ये दोन गाडे बरोबर चालतात. एकीकडे व्यवस्थापनाची तत्त्वे, व्यवसाय संवाद, वित्तीय लेखांकन, व्यवसाय गणित, संख्याशास्त्र, मनुष्यबळ व्यवस्थापन. दुसरीकडे सी भाषा, डेटाबेस, वेब टेक्नॉलॉजी, डेटा स्ट्रक्चर, सॉफ्टवेअर इंजिनीअरिंग, नेटवर्किंग, सी प्लस प्लस, पुढे जावा, पायथन, सॉफ्टवेअर टेस्टिंग आणि शेवटी प्रोजेक्ट. अभ्यासक्रम बदलला की विषय मागेपुढे होतात, पण गाभा हाच राहतो.

हे दोन्ही एकत्र का शिकायचे, ते गावातली विकास सोसायटी पाहिली की कळते. प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२२ मध्ये मंजुरी दिली. तेव्हा देशभरातील ६३ हजार संस्था आणि २,५१६ कोटी रुपये असा त्या योजनेचा आवाका होता. वहीवर चालणारा कारभार सॉफ्टवेअरवर आणायचा, म्हणजे वहीतले सगळे संगणकात बिनचूक उतरले पाहिजे.

समजा, सोसायटीने एका सभासदाला ५० हजारांचे पीककर्ज दिले. हिशेबात सभासदाच्या कर्ज खात्याला नावे पडते आणि बँक खात्याला जमा पडते. हे लेखांकन. आता गावात एकाच नावाचे तीन सभासद आहेत. कर्ज चुकीच्या माणसाच्या नावावर जाऊ नये म्हणून प्रत्येकाला वेगळा क्रमांक द्यायचा आणि कर्जाची नोंद त्या क्रमांकाला जोडायची. हा डेटाबेस. ज्याला फक्त कोडिंग येते त्याला नावे-जमा चुकल्याचे कळत नाही. ज्याला फक्त हिशेब येतो त्याला सॉफ्टवेअरने बाकी का चुकवली ते सापडत नाही. दोन्ही जाणणारा माणूस दूध संस्थेत, पतसंस्थेत, साखर कारखान्यात, जीएसटीचे काम करणाऱ्या कार्यालयात कामाला येतो. या पदवीची खरी किंमत इथे आहे.

मात्र एक गोष्ट पालकांनी लक्षात घ्यावी. ही इंजिनीअरिंगची पदवी नाही. संगणकाचा अभ्यास रुंद असतो, खोल कमी असतो. वर्गात शिकवले तेवढ्यावर थांबणारा विद्यार्थी दोन्हीकडे अर्धवट राहतो. लॅबबाहेर स्वतः सराव करणाराच पुढे जातो.

सीईटी कधीपासून आली?

पूर्वी या अभ्यासक्रमांना बारावीच्या गुणांवर थेट प्रवेश मिळायचा. २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने बीबीए, बीसीए, बीएमएस, बीबीएम हे अभ्यासक्रम आपल्या कक्षेत घेतले. त्यानंतर राज्याच्या सीईटी कक्षाने त्यांच्यासाठी स्वतंत्र प्रवेश परीक्षा सुरू केली. पहिली परीक्षा मे २०२४ मध्ये झाली. राज्यात जागा लाखाहून अधिक होत्या आणि परीक्षा दिलेले विद्यार्थी त्याच्या निम्म्याहूनही कमी. अनेकांना, विशेषतः खेड्यातल्या पोरांना, अशी परीक्षा असते हेच ठाऊक नव्हते. शेवटी त्या वर्षी सीईटी पुन्हा एकदा घ्यावी लागली.

दुसरी संधी दरवर्षी मिळेलच असे धरून चालू नये. अर्जाची मुदत बारावीच्या बोर्ड परीक्षेच्या आसपास किंवा त्याआधीच सुरू होते. निकाल लागल्यावर चौकशीला जाणाऱ्याची गाडी तेव्हा सुटलेली असते.

परीक्षा संगणकावर होते. १०० प्रश्न, १०० गुण, वेळ दीड तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडू नये. गुणांची विभागणी साधारण अशी:

- इंग्रजी: ४०
- तर्कक्षमता: ३०
- सामान्य ज्ञान: १५
- संगणकाची मूलभूत माहिती: १५

प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांना अडचण येते ती इथेच. तर्कक्षमतेचा प्रश्न सोपा असतो, पण तो वाचून समजायलाच वेळ जातो. दिवाळीपासून रोज अर्धा तास इंग्रजी उतारे वाचायची आणि तर्काचे प्रश्न इंग्रजीतच सोडवायची सवय लावली, तर हा अडथळा बराच कमी होतो.

नाव बदललेले अभ्यासक्रम

परिषदेची मान्यता आणि सीईटी नको म्हणून राज्यात काही महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचे नावच बदलले. विषय जवळपास तेच, पण पदवीचे नाव दुसरे. अशा ठिकाणी प्रवेश थेट मिळतो. यात बेकायदा काही असतेच असे नाही. विद्यापीठाची मान्यता असेल तर पदवी वैध असते. पण तो अभ्यासक्रम व्यावसायिक गटात धरला जात नाही आणि फी सवलतीचा हिशेब बदलतो. 'सीईटी द्यायची गरज नाही, या आणि अॅडमिशन घ्या' असे कोणी सांगितले, तर लगेच पुढचा प्रश्न विचारावा: मग शिष्यवृत्ती कोणती लागू होते?

फी माफी कोणाला?

राज्य सरकारने ८ जुलै २०२४ रोजी काढलेल्या निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असावे लागते. आधी ही सवलत ५० टक्के होती. मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसारख्या योजनांतून निम्म्या शिक्षण शुल्काची सवलत आहे. अनुसूचित जाती, जमाती आणि भटक्या-विमुक्तांसाठी त्या त्या विभागाच्या स्वतंत्र योजना आहेत.

यातली सर्वात महत्त्वाची अट म्हणजे प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्था स्तरावर घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत नाही. खासगी स्वयंअर्थसहाय्यित आणि अभिमत विद्यापीठेही या निर्णयाबाहेर आहेत. एकाच वर्गात, एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलींपैकी एकीची फी माफ आणि दुसरीच्या बापाला उसनवारी, असे चित्र यातूनच दिसते. फरक फक्त प्रवेश कोणत्या दाराने घेतला याचा असतो.

म्हणून सीईटीत गुण कमी पडले तरी कॅपचा अर्ज भरावा. पसंतीक्रमात जवळची कॉलेजे नीट क्रमाने टाकावीत. प्रवेश घेण्यापूर्वी तो अभ्यासक्रम आणि ते कॉलेज महाडीबीटी पोर्टलवर योजनेसाठी दिसते का, याची खात्री कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागाकडून करून घ्यावी. महाडीबीटीचा अर्ज वेगळा भरावा लागतो आणि दरवर्षी नूतनीकरणही करावे लागते.

बाहेरगावी राहून शिकणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. तिचा लाभ अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या पाल्यांना मिळतो. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी अनुसूचित जातींना स्वाधार, जमातींना स्वयं आणि ओबीसी, भटक्या-विमुक्तांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. प्रत्येकीच्या अटी वेगळ्या आहेत.

कागदपत्रे आधी, धावपळ नंतर नको

जून-जुलैत सेतू केंद्रावर रांगा लागतात, सर्व्हर बंद पडतो आणि दाखला मुदतीनंतर हातात येतो. ही कागदपत्रे बारावीत असतानाच तयार ठेवावीत:

- तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला
- वय, अधिवास व राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र
- जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र
- ओबीसी, एसईबीसी इत्यादींसाठी मुदतीतले नॉन क्रिमिलेअर प्रमाणपत्र
- ईडब्ल्यूएस असल्यास त्याचे प्रमाणपत्र
- विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचे, आधारशी जोडलेले बँक खाते

जात वैधतेला सर्वाधिक वेळ लागतो. अकरावीतच अर्ज केला तर उत्तम. दहावीची गुणपत्रिका, आधार आणि बँक पासबुक यांवरचे नाव अक्षरशः सारखे आहे ना, हेही तपासावे.

तीन वर्षे की चार?

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी तीन किंवा चार वर्षांची झाली आहे. पहिल्या वर्षानंतर थांबल्यास प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी आणि चौथे वर्ष पूर्ण केल्यास ऑनर्स पदवी. मध्येच थांबताना ठरलेले जादा क्रेडिट मात्र पूर्ण करावे लागतात. मिळवलेले क्रेडिट विद्यार्थ्याच्या अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात जमा होतात. मुलीचे लग्न किंवा घरची अडचण यामुळे शिक्षण मध्येच सुटले, तरी आधीची वर्षे वाया जात नाहीत. पुन्हा प्रवेश घेता येतो.

प्रत्यक्ष कामाचा अनुभव, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग, हाही आता अभ्यासक्रमाचा भाग आहे. त्यासाठी पुण्याला जावेच लागते असे नाही. जवळची बँक, दूध संघ, सीएचे कार्यालय किंवा सॉफ्टवेअरचे छोटे दुकान चालते का, हे कॉलेजला विचारावे.

पुढे काय?

एमसीए आता दोन वर्षांची आहे. त्यासाठी वेगळी सीईटी असते. पात्रतेत बारावी किंवा पदवीला गणित आहे का, हे पाहिले जाते. त्यामुळे बारावीला गणित नसलेल्यांनी ही बाब प्रवेश घेतानाच विचारून घ्यावी. एमबीएची सीईटी कोणत्याही शाखेच्या पदवीधराला देता येते. त्यासाठी खुल्या प्रवर्गाला पदवीत ५० टक्के, तर राखीव प्रवर्गाला ४५ टक्के गुण लागतात.

एमपीएससी राज्यसेवा आणि बँकांच्या लिपिक व पीओ परीक्षांना पदवी पुरेशी असते. पण बँकेच्या आयटी अधिकारी पदाला निव्वळ बीबीए (सीए) चालत नाही. तिथे चार वर्षांची अभियांत्रिकी पदवी, संगणकातील पदव्युत्तर पदवी किंवा पदवीसोबत डीओईएसीसी 'बी' लेव्हल मागतात. 'कॉम्प्युटरची डिग्री आहे म्हणजे आयटी अधिकारी होईल' हा समज खोटा आहे.

कॉलेज निवडताना

इमारत पाहून भुलू नये. लॅबमध्ये जावे आणि किती संगणक प्रत्यक्ष चालू आहेत ते मोजावे. इंटरनेट आहे का, वीज गेल्यावर बॅकअप आहे का, पूर्णवेळ शिक्षक किती, हे विचारावे. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या पोरांशी पाच मिनिटे बोलले तर माहितीपत्रकापेक्षा जास्त कळते.

येण्याजाण्याचाही विचार करावा. एसटीचा विद्यार्थी पास सवलतीत मिळतो, पण प्रॅक्टिकल संध्याकाळी संपत असेल आणि गावची शेवटची गाडी त्याआधीच सुटत असेल, तर लॅब बुडते. या पदवीत लॅब बुडणे म्हणजे निम्मी पदवी बुडणे.

कॉलेजला विचारायचे पाच प्रश्न

१. पदवीवर नेमके नाव काय छापणार आणि विद्याशाखा कोणती?
२. तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता यंदाची आहे का?
३. माझा प्रवेश कॅपमधून होणार की संस्था स्तरावर?
४. महाडीबीटीवर हा अभ्यासक्रम दिसतो का?
५. शिक्षण शुल्काशिवाय इतर शुल्क किती?

या पाच प्रश्नांची उत्तरे लेखी किंवा छापील मिळाल्याशिवाय पैसे भरू नयेत.