रावबहादूर बोले यांचा ठराव आणि आपला ज्ञातिनिधी

प्रतिवर्षी स्मरणिका हाती आली म्हणजे आधी दिवंगतांची छायाचित्रे, मग देणगीदारांची नामावली आणि त्यानंतर गुणवंत विद्यार्थी पाहण्याचा प्रघात आपल्या घरोघरी आहे. ज्ञातीच्या इतिहासाची पाने बहुधा न वाचताच उलटली जातात. हा दोष सर्वस्वी वाचकांचा नव्हे. खांदेरीच्या १६७९ च्या झुंजीतील मायनाक भंडारी आणि मुंबई बेटाच्या रक्षणासाठी गव्हर्नर ऑंजियरने उभारलेले भंडारी पथक, एवढे सांगून आम्ही लिहिणारेही थांबत आलो. यंदा हा साचा बाजूला ठेवावा असे वाटले, त्याला कारण आमच्या मनवेलपाड्याच्या मंडळींत गतवर्षी पडलेला एक मतभेद होय.

आमच्यापैकी पुष्कळ कुटुंबे गिरगाव, परळ, लालबागच्या चाळी सोडून विरार पूर्वेस आली. मूळ घर रत्नागिरी अथवा सिंधुदुर्गात, उपजीविका मुंबईत आणि बिऱ्हाड मनवेलपाड्यात, अशी ही तीन ठिकाणची माणसे. ज्ञातिबांधवांनी एकमेकांस धरून राहावे म्हणून वर्गणी जमू लागली व तीतून दर जूनमध्ये ज्ञातीच्या मुलांना वह्या देण्याची प्रथा पडली. गतवर्षी एका भगिनीने सभेत विचारले, "एकाच जिन्यावरची चार मुले, एकाला वह्या द्यायच्या आणि तिघांनी पाहत राहायचे, हे बरे दिसते का?" प्रस्ताव मोठ्या मताधिक्याने फेटाळला गेला. विरुद्ध हात वर करणाऱ्यांत आम्हीही होतो. ज्ञातीचा पैसा ज्ञातीसाठी, हे आम्हांस तेव्हा स्वयंसिद्ध वाटले.

त्यानंतर या लेखासाठी आम्ही जुनी माहिती चाळू लागलो. आपल्या ज्ञातीचा धंदा माडाचा. पोय छेदून माडी उतरवणे हे कौशल्याचे आणि जिवावरचे काम. पण १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने झाडांवरील कराचा बोजा असा वाढला की, पिढीजात व्यवसायावर पोट भरणे कठीण झाले. ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील, म्हणजे आपल्या वसईकडील, भंडाऱ्यांनाही ही झळ लागली. पुढे १९४९ चा दारूबंदी कायदा आला. धंदा गेलेल्या ज्ञातीस शिक्षणावाचून तरणोपाय नव्हता, म्हणून मंडळ्या निघाल्या, शिष्यवृत्त्या निघाल्या. इथपर्यंतची कथा बहुतेक सर्व ज्ञातींची एकच आहे.

परंतु सीताराम केशव बोले (१८६९–१९६१) यांचे चरित्र या चाकोरीत मावत नाही. ज्ञातीच्या उन्नतीसाठी झटलेले हे गृहस्थ १९०९ मध्ये कामगार हितवर्धक सभेच्या स्थापनेत पुढे होते, आणि त्या सभेत गिरणीतला कामगार कोणत्या ज्ञातीचा, हा प्रश्न नव्हता. मुंबई कायदे कौन्सिलात गेल्यावर ४ ऑगस्ट १९२३ रोजी त्यांनी मांडलेला ठराव संमत झाला. सरकारी पैशातून बांधलेले अथवा सरकारने नेमलेल्या संस्थांच्या व्यवस्थेखालील पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने यांचा वापर अस्पृश्य वर्गास करू द्यावा, अशी ती शिफारस होती. ठराव कागदावरच राहतो आहे असे दिसताच १९२६ मध्ये त्यांनी दुसरा ठराव आणला: जी नगरपालिका वा लोकल बोर्डे तो अंमलात आणणार नाहीत, त्यांचे सरकारी अनुदान रोखावे.

महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले ते या ठरावास अनुसरूनच. तरीही तेथे पाणी भरण्यास कोणी धजेना. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहस्रावधी अनुयायांसह तळ्यावर गेले. मारहाण झाली, दावा चालला आणि उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ मध्ये लागला. एका ठरावास तळ्यापर्यंत पोचावयास किती काळ आणि किती जणांचे रक्त लागले, हे यावरून दिसते.

येथे आम्ही थबकलो. बोले यांच्या ज्ञातीस त्या ठरावाने एक घागरही अधिक मिळणार नव्हती. भागोजीशेठ कीर यांचेही तसेच. ज्ञातीच्या या धनिकाने रत्नागिरीस पतितपावन मंदिर बांधविले. ते २२ फेब्रुवारी १९३१ रोजी सर्व हिंदूंस खुले झाले. तेवढाच पैसा ज्ञातीच्या एखाद्या भवनास देता, तर आपल्या मंडळींनी त्यांची अधिकच वाहवा केली असती!

विरारला प्रथम आलो तेव्हाचे दिवस आमच्या पिढीस आठवत असतील. टँकर आला की हंडे-कळश्यांची रांग लागे. त्या रांगेत आपल्या पुढे कोण आणि मागे कोण, याची चौकशी आम्ही कधी केली नाही. टँकर रिकामा होण्यापूर्वी आपला नंबर लागावा, एवढीच चिंता असे. तीच माणसे आज शेजारी आहेत, आणि त्यांच्याच मुलांचा हा प्रश्न आहे.

खजिनदारांची अडचण मात्र खरी आहे. निधी तोकडा आहे, आणि जिन्यावरच्या सर्वांना द्यावयाचे तर प्रत्येकाच्या वाट्यास कमी वह्या येतील. आपल्या गरजू मुलांचे काय, हा त्यांचा सवाल आम्ही हसण्यावारी नेत नाही. आमची सूचना अशी की, यंदा स्नेहसंमेलनाच्या भोजनात एक पक्वान्न कमी करावे आणि ती रक्कम वह्यांकडे वळवावी.

येत्या वार्षिक सभेत हा प्रस्ताव मांडण्याची अनुज्ञा आम्ही अध्यक्षांकडे लेखी मागितली आहे. गतवर्षी ज्या भगिनीने तो मांडला, त्यांनीच त्यास अनुमोदन द्यावे, अशी विनंती करण्यासाठी आम्ही त्यांच्या घरीही जाऊन आलो. "आधी तुमचा हात वर होतो का ते पाहते," असे त्या म्हणाल्या.