मराठी व्यंगचित्रांतील मद्यपी

मराठी नियतकालिकांतील व्यंगचित्रांत मद्यपी हे दीर्घकाळ रूढ असलेले एक ठरीव पात्र आहे. विसाव्या शतकातील मासिके आणि विशेषतः विनोदी दिवाळी अंक यांतून ते वाचकांच्या परिचयाचे झाले. या पात्राच्या घडणीत पाश्चात्त्य व्यंगचित्रकला, मराठी रंगभूमी आणि मुंबई राज्यातील दारूबंदी या तिन्हींचा वाटा आहे.

पूर्वपीठिका

मद्यपानावरील आरंभीची प्रसिद्ध चित्रे हसविण्यापेक्षा सावध करण्यासाठी काढलेली होती. विल्यम होगार्थ यांनी १७५१ मध्ये 'जिन लेन' या चित्रात जिनच्या आहारी गेलेल्या लंडनचे भीषण दर्शन घडविले. जॉर्ज क्रुकशँक यांच्या 'द बॉटल' (१८४७) या आठ चित्रांच्या मालिकेत एका कुटुंबाचा क्रमाक्रमाने होणारा नाश दिसतो.

मराठीत हेच कार्य राम गणेश गडकरी यांच्या 'एकच प्याला' या नाटकाने केले. गंधर्व नाटक मंडळीने ते १९१९ मध्ये रंगभूमीवर आणले. सुधाकराच्या व्यसनात सिंधू आणि तिचे तान्हे मूल यांचा बळी जातो. मात्र त्याच नाटकातील तळीराम आणि त्याचे आर्य मदिरा मंडळ प्रेक्षकांना हसवून जाते. पुढे 'तळीराम' हे मद्यप्याचे सामान्यनामच झाले.

दारूबंदीचा काळ

मुंबई शहरात दारूबंदीचा पहिला प्रयोग १९३९ मध्ये झाला. स्वातंत्र्यानंतर 'मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९' संमत झाला आणि १९५० मध्ये राज्यात पूर्ण दारूबंदी आली. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. तो १९५६ मध्ये मुंबई राज्यास जोडला गेला.

कायद्यानुसार प्रकृतीच्या कारणास्तव मद्याचा परवाना मिळू शकत असे. 'परमिट रूम' हा शब्द याच परवाना पद्धतीतून आला. दुसरीकडे हातभट्टी आणि चोरटे अड्डे फोफावले. कायदा आणि व्यवहार यांतील ही विसंगती उपरोधाला पोषक होती. मधुकर पाटकर यांचा 'आवाज' हा दिवाळी अंक १९५१ मध्ये, तर 'मार्मिक' हे व्यंगचित्र साप्ताहिक १९६० मध्ये सुरू झाले. मराठी व्यंगचित्रांच्या बहराचा आणि दारूबंदीचा काळ असा बराचसा एकच होता.

चित्रभाषा

मद्यपी हा शब्दविरहित व्यंगचित्राला सोयीचा विषय ठरला, कारण त्याची ओळख चिन्हांनीच पटते. झोकांड्या दाखविणारी वेडीवाकडी रेघ, डोक्याभोवती फिरणारे तारे, लाल नाक, मिठी मारलेला दिव्याचा खांब आणि दारात लाटणे घेऊन उभी असलेली पत्नी ही त्यांतील प्रमुख होत. दिव्याच्या खांबासारखी काही चिन्हे पाश्चात्त्य व्यंगचित्रांतही आढळतात. लाटणे घेतलेल्या गृहिणीला येथे नऊवारी किंवा पाचवारी लुगडे आले.

गोवा

गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज सत्ता होती आणि तेथे मुंबई राज्याची दारूबंदी लागू नव्हती. लोटली येथे वाढलेले मारिओ मिरांडा (१९२६–२०११) यांच्या चित्रांत तावेर्न हे गावाच्या गप्पागोष्टींचे ठिकाण म्हणून येते. तेथील फेणी पिणारा माणूस गर्दीतील अनेकांपैकी एक असतो. मुंबईतील कुलाब्याच्या कॅफे माँडेगारच्या भिंतींवरही त्यांची व्यंगचित्रे आहेत.

मर्यादा

लाटण्याच्या ठरीव विनोदात मारणारी पत्नी आणि मार खाणारा नवरा असतो. व्यसनी माणसाच्या घरात बहुधा याच्या उलट घडते. चित्र दारापाशी संपते. रिकामा डबा, गहाण पडलेले दागिने आणि मार खाल्लेली स्त्री त्याच्या चौकटीबाहेर राहतात. 'एकच प्याला'तील तळीराम व्यंगचित्रांत आला, सिंधू मात्र क्वचितच आली.

महाराष्ट्रातील स्त्रियांच्या दारूविरोधी चळवळीत एका साध्या चित्राला वेगळे महत्त्व मिळाले. दारूचे दुकान बंद करण्यासाठी होणाऱ्या मतदानात दुकान हवे असल्यास उभी बाटली, नको असल्यास आडवी बाटली ही चिन्हे वापरली जातात. त्यामुळे निरक्षर स्त्रीलाही आपले मत नोंदविता येते. 'बाटली आडवी करणे' हा शब्दप्रयोग यातूनच रूढ झाला.

हे सुद्धा पहा

एकच प्याला
मारिओ मिरांडा
दिवाळी अंक
दारूबंदी