पटावरचे आरमार आणि कुलाब्याची भरती

अलिबागच्या किनाऱ्यावरून समोर कुलाबा किल्ला दिसतो. ओहोटीला तेथे चालत जाता येते, भरतीला होडी लागते. डिसेंबर १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून या किल्ल्यावर चढाई केली. समुद्रात कमोडोर मॅथ्यूजची लढाऊ जहाजे होती, जमिनीवर दोघांच्या फौजा. तरीही कान्होजी आंग्र्यांचा किल्ला पडला नाही. असे का झाले? हे समजून घेण्यासाठी आम्ही काही विद्यार्थ्यांसह तो प्रसंग पटावर खेळून पाहिला.

लढाईचा खेळ म्हणजे केवळ करमणूक नव्हे. प्रशियाच्या सैन्यात फॉन राइसविट्झ या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये नकाशा, ठोकळे, फासे आणि पंच यांच्या साहाय्याने असा खेळ नियमबद्ध केला. अधिकाऱ्यांचे शिक्षण हा त्याचा हेतू होता. आम्हीही सुरुवातीला युरोपीय धर्तीचेच नियम घेतले: जहाजे शिडांवर चालणार, तोफा दोन्ही कुशींतून डागणार, वाऱ्याची दिशा फासा ठरवणार. पाच-सहा चालींतच आंग्र्यांचे आरमार बुडाले!

"आंग्र्यांच्या तोफांना दुप्पट गुण देऊ या," एका विद्यार्थ्याने सुचवले. सर्वांना ते पटले. पण मग खेळातून निघणारा निष्कर्ष आपणच आधी त्यात घातलेला असेल. म्हणून आम्ही एक अट ठरवली. ज्या बदलाला या लढाईच्या निकालाबाहेरचा पुरावा असेल, तोच करायचा.

पहिला बदल जहाजांचा. आंग्र्यांच्या गुराबांच्या मोठ्या तोफा नाळेवरून पुढे डागत, आणि गलबतांना चाळीस-पन्नास वल्ही असत. वारा पडला की वल्ह्यांची गलबते गुराबांना ओढून शत्रूच्या पिछाडीकडे नेत. कुशीतल्या तोफा तेथे निरुपयोगी ठरत.

दुसरा बदल वाऱ्याचा. हिवाळ्यात या किनाऱ्यावर वारा फाशासारखा लहरी नसतो. रात्री जमीन लवकर थंड होते, म्हणून पहाटे मतलई वारे वाहतात. दुपारी जमीन तापली की खारे वारे येतात. दोहोंच्या मध्ये वारा मंदावतो. तेव्हा फासा टाकण्यापूर्वी घड्याळ पाहायचे.

तिसरा बदल पाण्याचा. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी येते. खोल तळाच्या जहाजाला उथळ पाणी वर्ज्य, गलबताला नाही.

आता सामना अटीतटीचा झाला, तरी काही डावांत किल्ला पडतच होता. म्हणजे काहीतरी राहून गेले होते. शाहू महाराजांचे घोडदळ मदतीला आले होते आणि जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगीजांनी इंग्रजांना बाजूला ठेवून पेशवे बाजीरावांशी तह केला होता. आम्ही मात्र दोन्ही दोस्तांच्या सोंगट्या एकाच खेळाडूच्या हाती दिल्या होत्या! मग त्या दोघांना वाटून दिल्या. परस्परांना निरोप पाठवायचा तो पंचामार्फत चिठ्ठीने, आणि चिठ्ठी एक चाल उशिरा पोहोचणार. युतीचा दुबळेपणा मुलांना तेव्हा उमगला.

खरी कसोटी पुढे होती. समुद्रावरचे हेच नियम, काहीही न बदलता, ऑक्टोबर १६७९ च्या खांदेरीच्या लढाईला लावले. त्या वेळी मराठ्यांच्या वल्ह्यांच्या होड्यांनी 'डव्ह' हे इंग्रजांचे गुराब पकडले. 'रिव्हेंज' या मोठ्या जहाजाने मात्र तोफांच्या बळावर टिकाव धरला, आणि होड्या नागोठण्याच्या खाडीकडे परतल्या. पटावरही एकटे पडलेले जहाज हाती लागले, मोठे लागले नाही. काही मुले हिरमुसली. पण आपल्याला न आवडणारा निकालही जो नियम देऊ शकतो, त्याच्यावरच विश्वास ठेवावा.

आपल्या वर्गात हा खेळ मांडताना पुठ्ठ्याची जहाजे आणि भरती-ओहोटीचे कोष्टक पुरेसे आहे. प्रत्येक नियमापुढे 'कशावरून?' हा रकाना मात्र जरूर ठेवावा.