पाळी सुटल्यावरचा बॉल

मामा कोल्हापूरच्या पेठेतले. साठच्या दशकात पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये लागले, ते पत्र्याच्या ट्रंकेत फुटबॉलचे बूट घेऊनच. "कुस्ती महाराजांची, तसा बॉलबी महाराजांचाच," असं ते सांगायचे. खरंच आहे ते. संस्थानच्या आश्रयानं कोल्हापुरात फुटबॉल रुजला आणि 1940 मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन उभी राहिली. पण दरबाराचा खेळ दरबारात राहिला नाही, तालमींनी तो उचलला. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही नावं तालमींची आणि संघ फुटबॉलचे. उद्यमनगरच्या फाउंड्रीत दिवसभर साचे भरणारा पोरगा संध्याकाळी पेठेसाठी उतरायचा. मामांच्या सांगण्यात पेठांची ईर्षा अशी, की घरातल्या लग्नाची तारीखसुद्धा शाहू स्टेडियमवरचा सामना बघून धरायची.

पिंपरीत राजा नव्हता, सरकार होतं. 1954 साली केंद्र सरकारनं युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं इथं पेनिसिलीनचा कारखाना उभारला. सोबत कामगारांची वसाहत आणि मैदान. पहिली पाळी सुटली की चहा घेऊन मामा थेट मैदानावर. मल्याळी फिटर, बंगाली केमिस्ट, मावळातले हेल्पर, सगळे एकाच संघात. "कंपनीत ज्याला साहेब म्हणायचं, त्याच्या पायातनं बॉल काढायचा!" हे सांगताना म्हातारपणीही मामा खुर्चीत पुढं सरकायचे.

यामागं फुटबॉलची सरकारी योजना नव्हती. कायमची नोकरी, ठरलेली पाळी आणि चालत जाण्याच्या अंतरावर घर, एवढ्यावर तो खेळ उभा होता. कंपनीच्या त्याच एचए मैदानावर 2016 मध्ये साहित्य संमेलन भरलं, तेव्हा मंडपात बसून मी मनातल्या मनात गोलपोस्ट शोधत होतो.

पुढं काळ फिरला. 2005-06 ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकणारा मुंबईचा महिंद्रा युनायटेड संघ 2010 मध्ये बंद झाला. त्याच वर्षी त्याच समूहाचा चाकणचा नवा कारखाना सुरू झाला. गाड्या चाकणला आल्या, संघ कुठंच गेला नाही.

सरकारला फुटबॉल आठवला 2017 मध्ये. सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात होता. 15 सप्टेंबरला राज्यभर दहा लाख मुलांनी खेळावं असं ठरलं, शाळाशाळांत बॉल पोचले. भारताच्या त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला. त्याचा अभिमान आहेच. पण प्रबोधिनी निवडक मुलांसाठी असते. बाकीच्यांचं काय?

चाकणच्या कारखान्यांभोवती महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडीच्या खोल्यांत राहणारी कंत्राटी पोरं बघा. मराठवाड्यातली, विदर्भातली, बिहारमधली. एका खोलीत चार-पाच जण, पाळी दर आठवड्याला बदलते, ठेकेदार केव्हाही बदलतो. खेळायचं तर तासावर भाड्याचं टर्फ, म्हणजे वर्गणी काढून हाताशी असलेल्या पगारातून खेळ विकत घ्यायचा. मामांना जे वसाहतीबरोबर मिळालं, ते यांना पैसे मोजून मिळतं. तेही सुट्टी जुळली तरच.

वर्षातून एका दिवसाचा बॉल वाटून हे बदलणार नाही. एमआयडीसीनं आणि इथल्या ग्रामपंचायतींनी कामगारांच्या खोल्यांजवळ दिव्यांची सोय असलेलं, बिनभाड्याचं एक तरी मोकळं मैदान राखावं. प्लॉट अजून शिल्लक आहेत, तोवरच हे करता येईल.