उभी लहर, आडवी लहर

गच्चीवरच्या डिश अँटेनाच्या तोंडाशी असलेल्या डबीला, म्हणजे एलएनबीला, एकच वायर जोडलेली असते. तिच्यातून चित्र खाली येते, डबीला लागणारी वीज वर जाते आणि उभ्या लहरी घ्यायच्या की आडव्या, हा हुकूमही वर जातो. या हुकमाची गरज का पडली?

१८८८ साली जर्मनीत कार्ल्सरूहे येथे हाइन्रिख हर्ट्झने जस्ताच्या पत्र्याचे दोन अन्वस्ताकार आरसे समोरासमोर ठेवले. एकातून विद्युतलहरी निघत, दुसऱ्यात त्या पोचल्याची ठिणगी दिसे. दुसरा आरसा फिरवून आडवा केला की ठिणगी नाहीशी होई. मग त्याने लाकडी चौकटीवर ३ सेंटिमीटर अंतराने तांब्याच्या समांतर तारा ताणल्या आणि ती चौकट मध्ये धरली. तारा लहरीतील विद्युतकंपनाला समांतर असल्या तर लहर अडे, काटकोनात असल्या तर पार जाई. (विद्यार्थी नेमके उलटे सांगतात. गजांच्या फटीतून जाणाऱ्या दोरीचे उदाहरण त्यांच्या मनात असते. इथे मात्र समांतर तारेत प्रवाह वाहतो आणि तोच लहर परतवतो.) काही वर्षांनी कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी हेच ध्रुवण कितीतरी लहान तरंगलांबीवर तपासले.

या गुणाचा व्यापारी उपयोग उपग्रहांनीही केला. ३.७ ते ४.२ गिगाहर्ट्झ हा पट्टा ५०० मेगाहर्ट्झचा. दर प्रक्षेपकाला ४० मेगाहर्ट्झ दिले, तर बारा प्रक्षेपकांतच तो भरतो. डिसेंबर १९७५ मध्ये सोडलेल्या अमेरिकेच्या सॅटकॉम-१ने बारा प्रक्षेपक उभ्या आणि बारा आडव्या ध्रुवणात चालवले. पट्टा तोच, जागा दुप्पट!

अडचण जमिनीवर आली. वाहिनी बदलली की डिशच्या नाभीपाशी असलेला ग्राहक काटकोनात वळवावा लागे. आधी सगळा भाग फिरवत. पुढे लहान मोटरने आतली सळईच फिरवू लागले, पण तिला तीन तारा जादा लागत, शिवाय थंडीपावसात मोटर अडकण्याची भीती. अखेर फिरवणेच रद्द झाले. काटकोनात दोन सळया कायमच्या बसवल्या आणि निवड विजेच्या दाबावर सोपवली: १३ व्होल्टला उभी, १८ला आडवी. हा खरा हुशारीचा टप्पा.

२००१ साली लॅमिंग्टन रोडवरून मी एक जुना रिसीव्हर आणला. तो फक्त १३ व्होल्ट देई, त्यामुळे निम्म्या वाहिन्या गायब. मग हातानेच बदलायचा स्विच केला. २४ व्होल्टचा पुरवठा, एलएम ३१७ हा नियंत्रक, आणि खटका दाबला की त्याचा एक रोध बदलून १३चे १८ व्हावेत. ही वीज तारेच्या वेटोळ्यातून वायरीत सोडायची. वेटोळे एकदिश प्रवाह जाऊ देते, पण चित्राच्या लहरी पुरवठ्याकडे वळू देत नाही. रिसीव्हरच्या बाजूला संधारित्र हवे, म्हणजे लहरी जातील आणि वीज अडेल. ते संधारित्र मी विसरलो. दोन पुरवठे एकमेकांना भिडले आणि रिसीव्हर जळाला. महिन्याचा खर्च गेला, पण संधारित्राचे काम मला त्या दिवशी पुस्तकापेक्षा नीट कळले.

तो स्विच अजून माझ्याकडे आहे. टाकून दिलेली डिश आणि काट्याचा सिग्नल-मापक जोडून मुलांना दाखवतो. डिश सूर्याकडे वळवली (डोळ्यांनी सूर्याकडे पाहायचे नाही, डबीच्या सावलीवरून दिशा धरायची) की काटा चढतो. आता खटका दाबा. १३ असो वा १८, काटा जवळपास तिथेच राहतो, कारण सूर्याच्या लहरी उभ्याही असतात आणि आडव्याही.